दोन श्रावण आणि पाळण्यातलं पोर

गेल्या रविवारी आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी तालीम होती. तालीम म्हणजे कुस्तीची नव्हे, नाटकाची... कोल्हापुरात हे आधीच सांगितलेलं बरं.

माझे बालमित्र आप्पा. त्यांच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी लिहिलेलं एक संगीत नाटक आमचं मंडळ पुन्हा बसवतंय. मी पेटीवर. कुणी शिकवली नाही, ऐकून ऐकून बोटांत बसली. दिग्दर्शन मुक्ताचं, ही आमच्या गल्लीतली, कॉलेजात शिकवते.

मुक्ताचा एकच हट्ट... गोष्ट कुठल्या साली घडते ते आधी ठरवा. त्याशिवाय नायकाच्या डोक्याला फेटा बांधायचा की टोपी घालायची? आणि संहितेत साल कुठंच नाही.

गोष्ट तशी साधी. बाई बाळंतपणाला शाहूवाडीकडं माहेरी आलेली, नवरा नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडणारा पेटीवाला. ती वाट बघत गाते, 'दोन श्रावण सरले बाई, वाट अजून ओलीच...' शेवटच्या अंकात, गौरी येतात त्या दिवशी, तोही येतो. ती त्याला ओवाळते.

खरी अडचण पुढंच आहे. ही गोष्ट आप्पांच्याच घरची. ती बाई म्हणजे त्यांची आई, आणि पोटातलं पोर म्हणजे खुद्द आप्पा. आई या विषयावर कधी बोलली नाही. त्या पदावरूनच आप्पांनी मनाशी धरलं, की बाप आपलं तोंड बघायला दोन वर्षांनी आला. आजही त्यांच्या घरात वडिलांचा फोटो नाही.

नाटकाला परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली होती. शेवटची ओवाळणी कापा.

"दोन वर्सांनी उगवलेल्या माणसाला ओवाळतात व्हय? दारातनंच परत लावावा."

मुक्ताला ते पटतही होतं आणि काहीतरी खटकतही होतं. "पण आप्पा, आल्यावर तो पोराला पाळण्यातून उचलतो. दोन वर्षांचं पोर पाळण्यात कसं?"

"नाटकात चालतंय की. भावली ठेवली की झालं."

दरवेळी विषय इथंच मिटायचा.

तर रविवारी... सध्या अधिक महिना. संध्याकाळी आमचे जावई यायचे होते, म्हणून माझी बायको सुमन आत अनारसे तळत होती. वासानं तालमीत कुणाचं लक्ष लागेना. मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकू, दुसऱ्या अंकात सासू जावयासाठी अनारसे तळते. आपलं मंडळ ताटात नेहमी बत्तासे ठेवतं. यंदा खरे द्याल का?"

"देईन की. नाटकात महिना कुठला?"

"श्रावण."

"श्रावणात कुठली सासू जावयाला अनारसे करत्या? अधिक असल्याशिवाय?" एवढं बोलून ती पुन्हा कढईकडं वळली.

माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. दोन श्रावण... एक अधिक, एक निज. एकाच पावसाळ्यातले, पाठीला पाठ लावून आलेले. आणि आम्ही जन्मभर ते पद गात आलो. ताटात बत्तासेच बघितले, मग अधिक आठवणार कुठून?

मुक्तानं मोबाईलवर जुनं पंचांग काढलं. आप्पांच्या जन्माचं साल, म्हणजे सत्तेचाळीस. श्रावण अधिक होता.

मी म्हटलं, "आप्पा, तू आषाढातला ना रे?"

"व्हय."

आषाढात जन्म, भाद्रपदात गौरी. पोर पाळण्यातच असणार. आणि ती 'ओली वाट'... आम्ही समजत होतो, बाईचे डोळे ओले. ती बिचारी बहुतेक खरोखरच्या वाटेबद्दल बोलत होती. त्या काळचा शाहूवाडीकडचा पाऊस, भरलेले ओढे... जाणार कोण आणि येणार कोण?

आप्पा उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"वहिनी, त्यातला एक बांधून द्या. माझ्या म्हाताऱ्याचं अधिकाचं वाण ऱ्हायलंय."

सुमननं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काही न विचारता तिनं डब्यात अनारसे भरले. एक नव्हे, डबाभर.

जाताना आप्पा उंबऱ्यात थांबले. "मुक्ते, ती ओवाळणी ऱ्हाऊ दे. आणि टोपी घाला त्याला. आईच्या ट्रंकेत एक फोटो हाय... त्यात टोपीच हाय बघ."

टोपी की फेटा एवढंच ठरवायला बसलो होतो आम्ही. त्या निमित्तानं एका माणसाला या वयात बाप परत मिळाला... सुमनच्या अनारशांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.