बोटीवर बोट

भिजल्या सुंभाचा वास आला, की मला देवबागची काकी आठवते. काका बोटीवर खलाशी होते. १९६०च्या सुमारास ते अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलाचं चित्र घेऊन घरी आले, तेव्हा काकी ओटीवर सुंभ वळत होती.

“सोन्याचो दरवाजो म्हणतत ह्येका. लढाईच्या आदी बांधलो. दोन मनोऱ्यांमधी चार हजार दोनशे फूट, एकय खांब नाय. नुसतो दोरार लटकता,” काका म्हणाले.

काकीने हातातला सुंभ ताणून पाहिला. “नाव सोन्याचा आणि रंग तांबडो? ह्येच्यात तुमी खंय आसास?”

काकांनी पुलाखालच्या इवल्याशा बोटीवर बोट ठेवलं.

काकी चित्राला नाक लावून बघत राहिली. “आणि बाजूक कोण ती?”

आम्ही पोरं पोट धरून हसलो. आता कळतं, तिचा संशय पुलावर नव्हताच. एवढ्या लांबवर दोर तुटत नाही, हे तिला पटलं होतं. माणूस तुटत नाही, हे कोण सांगणार?