थाओ शूफनचे पाय

गे गुरुजींनी थाओ शूफनला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती ऐन जानेवारीत शाळेच्या नळाखाली पाय धरून उभी होती. मुलीला, निंगला, पोचवायला आली होती. बाई वेडी आहे, असं गुरुजींनी मनाशी ठरवून टाकलं. गावाने ते आधीच ठरवलं होतं.

पायांबद्दल या गावाला सगळं ठाऊक. थंडी तळव्यांतून शिरते, हे पाळण्यातलं पोरही सांगेल. म्हणून रोज संध्याकाळी घरोघरी कढत पाण्याचं घमेलं. शूफनची सासू त्यात आलं आणि नागदवण्याचा कडू पालाही टाकी.

निंगचे पाय आठव्या वर्षी पेटू लागले. सासू म्हणाली, "गारठा बसलाय." उपाय म्हणजे आणखी कढत पाणी. पोर किंचाळे, तर शेजारणी कौतुकाने म्हणत, "बघा, गारठा निघतोय!" इतकी विद्वान गल्ली साऱ्या तालुक्यात नसेल.

शूफन गप्प होती. तिचेही पाय लहानपणापासून जळत, बापाचेही जळत. सोयरिकीच्या वेळी ते लपवलं होतं. आता बोलावं तर खोट माहेरची ठरणार, न बोलावं तर पोर रोज भाजणार.

एकदा सासू शाळेतच आली. "गुरुजी, तुम्हीच सांगा हिला! पाय शेकून घेत नाही."

"निंग, आजीचं ऐकावं," गुरुजी म्हणाले. विद्वानांत तेही होतेच.

न्यायला आलेल्या शूफनने तिथेच बूट-मोजे काढले. पाय उकडलेल्या खेकड्यासारखे लाल. "घ्या आई, हे माझ्याकडून आलंय. आता मलाच उकडा."

"इतकी वर्षं लपवलंस?"

"तुम्ही एवढ्या जाणत्या. वाटलं, ओळखाल."

गुरुजी ओशाळले आणि मायलेकींबरोबर शहरातल्या इस्पितळात गेले. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेदना वाहणाऱ्या नसांना मिठाच्या कणांसाठी बारीक दारं असतात. यांच्या घराण्यात त्या दारांची घडणच चुकलीय. जरा ऊब लागली की उघडतात, लवकर मिटत नाहीत. नस उगाच 'आग, आग' ओरडत राहते."

"आणि कढत पाणी?"

"दारावर लाथ. बर्फात बुडवूनही ठेवू नका, कातडी सडेल. गार फरशी, पंखा, आणि ही औषधं."

गल्ली सुधारली का? छे. 'मिठाची दारं' ऐकून शेजारणींनी निंगचा खारवलेला मुळा बंद करायला सांगितला.

शूफन आता गावाबाहेरच्या शीतगृहात मासे निवडते. बाकीच्या बायका लोकरी बुटांत असतात, ती साध्या रबरी चपलांत.