मॉरिसचे एकेचाळीस दात

गुरुवार, १० एप्रिल २०२५. मॉरिसचं डिफरन्शियल काल निगडीपासून घरापर्यंत कोल्ह्यासारखं ओरडत आलं. जयसिंग म्हणतो, आतल्या चक्रांचे दात झिजले, बदलावेच लागतील. रविवारी यात्रा. कंपनीला सुट्टी म्हणून धनेश जेवायला. आमरस तीनदा घेतला. भिमाजीभाऊजींचा फोन. उचलला नाही.

सुमनताईंनी पेनाला टोपण लावलं आणि फोन उचलला, कारण तो पुन्हा वाजायला लागला होता.

"वहिनी, औंदा मॉरिसला इश्रांती द्या. माझी उघडी जीप हाय की! झेंडूच्या माळा सोडू. तुमी मागं बसा राणीसारख्या."

"मागेच बसायचं असतं भाऊजी, तर लायसन्स कशाला काढलं असतं?"

भिमाजी म्हणजे यात्रा कमिटीचे प्रमुख आणि सुमनताईंच्या यजमानांचे, दत्तोबांचे, बालमित्र. त्यांचा डोळा कशावर आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. यात्रेत बैलगाड्यांची शर्यत झाली, की जिंकलेली जोडी चढावरून भैरवनाथाच्या देवळात नेतात आणि जोडीच्या पुढे मॉरिस मायनर चालते. सासऱ्यांनी गाडी घेतली तेव्हापासून हा मान या घराचा. अटी दोनच. चढावर गाडी थांबता कामा नये, आणि गाडी-बैलांत अंतर पडता कामा नये. दत्तोबा गेल्यावर गेल्या यात्रेत पुतण्या धनेश स्टिअरिंगवर बसला आणि त्याने ऐन देवळाच्या वळणावर गाडी बंद पाडली. एकदा कमिटीने पोटात घातलं. पुन्हा तसं झालं तर मान जीपकडे जाणार होता.

म्हणून या वर्षी सुमनताई स्वतः चालवणार होत्या. वय अठ्ठ्याहत्तर.

पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमधली ही मुलगी गावच्या शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला चूल पेटवता येत नव्हती. गाडी मात्र तिने वर्षाच्या आत शिकून घेतली, तीही भोसरीच्या एमआयडीसीत दर गुरुवारी, कारखाने बंद आणि रस्ते मोकळे असताना. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, सभ्य बाई घाई करत नाही. सुमनताईंनी ते चालण्याबोलण्यात जन्मभर पाळलं. गाडीत बसलं की मात्र पाळवत नसे. दत्तोबा ताशी चाळिसाच्या वर कधी गेले नाहीत, आणि शेजारी बसलेल्या सुमनताई उगाच पायाने गाडीचा तळ दाबत राहिल्या.

दुपारी काळेवाडीच्या गॅरेजात मेकॅनिक जयसिंगने डिफरन्शियलमधल्या चक्रांचे दोन जोड फडक्यावर मांडले. दोन्हींतल्या छोट्या चक्राला नऊच दात. मोठ्या चक्राला एकात एकेचाळीस, दुसऱ्यात पस्तीस.

"काकू, पस्तीसच घ्या," धनेश म्हणाला. तो चाकणच्या कंपनीत इंजिनिअर. "नाशिक हायवेला सत्तरने गेलात तरी इंजिन हूं का चूं करणार नाही."

"अन् चढावर बसलं मटकन खाली, तर ढकलायला तुमी येणार का, साहेब?" जयसिंग बोलला.

"अरे, मी सांगतो ना—"

"गेल्या साली तुमीच चालवत होता ना?"

धनेशने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

सुमनताईंना हिशेब कळला होता. एकेचाळीस म्हणजे लुगडं सावरत, लहान पावलं टाकत चढणारी बाई. वेग कमी, दम भरपूर. पस्तीस म्हणजे ढांगा टाकणारा उंच पुरुष. सपाटीवर तो झोकात चालतो, चढावर धापा टाकतो. त्यांचा जीव पस्तिसात अडकला होता. हायवेवर आजवर दुधाच्या टेम्पोंनीही त्यांना मागे टाकलं होतं, आणि आता किती वर्षं हातात राहिली होती?

त्यांनी पस्तीसवालं चक्र उचललं, जरा वेळ हातात धरलं आणि खाली ठेवलं.

"एकेचाळीस बसव, जयसिंग. मला मान राखायचाय."

शनिवारी चढावर तालीम झाली. मागे भिमाजींच्याच गोठ्यातला एक म्हातारा, नांगराचा बैल. मॉरिस पहिल्या गिअरमध्ये संथ चालली आणि बैल रवंथ करत तिच्या मागोमाग. भिमाजींना नाव ठेवायला जागा उरली नाही. कोणाच्या डोक्यात आलं नाही ते एवढंच, की शर्यतीचा बैल वेगळा असतो. शर्यतीत त्याच्या पुढे घोडी पळवतात, आणि पुढचं उधळलं की आपण सुटायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. दत्तोबांचा क्लचवरचा पाय लोण्यासारखा. त्यांच्या हातून गाडी कधी उधळलीच नव्हती.

रविवारी मॉरिस जिंकलेल्या जोडीपुढे उभी राहिली. बैल गुलालाने माखलेले, दोन्ही बाजूंनी कासरे धरलेली माणसं, शेजारी धनेश. हलगी कडाडली, सुमनताईंच्या पायाखालून क्लच सटकन सुटला आणि मॉरिसने टुणकन उडी मारली.

बैलांना घोडी मिळाली.

"काकू, बैल सुटले! ब्रेक! नाही, ब्रेक नको!"

"एक काय ते ठरव!" म्हणत सुमनताईंनी दुसरा गिअर टाकला.

पायाखालून एकेचाळीस दातांनी चढ पकडला आणि लहान पावलांची ती बाई पदर खोचून धावत सुटली. मागे बैलांची फुसफुस, त्यामागे कासऱ्यांना लोंबकळत धावणारी माणसं. देवळाच्या वळणावर माळा घालून ताटकळत उभी असलेली जीप डावीकडून सर्रकन मागे गेली. आत भिमाजी तोंड उघडं ठेवून बसलेले. सुमनताईंनी हॉर्न वाजवला. गरज काहीच नव्हती.

देवळापुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली. बैल ओळखीच्या पायऱ्यांपाशी येऊन आपणहून थांबले. भिमाजी धापा टाकत आले.

"वहिनी, ह्ये काय झालं? मानाची गाडी अशी पळवत्यात व्हय?"

"थांबली का कुठे?"

"न्हाई."

"अंतर पडलं?"

भिमाजी गाडीच्या मागे गेले. डिकीवर शिंगाचा लांबलचक, ताजा ओरखडा होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बैलांकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"बोटभरबी न्हाई. दत्तोबाला ह्ये बगायला ठिवायला पायजे व्हतं. नारळ आणा रं, मॉरिसपुढं फोडा!"

सुमनताई गाडीतून उतरल्या. गाल लाल झाले होते.

"काकू," धनेश हळूच म्हणाला, "पस्तीस असतं तर?"

"तर बैल आपल्या आधी देवळात असते. चल, नारळ धर."

रात्री त्यांनी डायरीत यात्रेचं सगळं लिहिलं, ओरखड्याची लांबीसुद्धा. शेवटची ओळ अशी: उद्या नळाला पाणी नाही, दोन्ही पिंपं भरून झाकून ठेवली.