सुंबरान मोडलं तिथून

"ए ढोलवाल्या, तुझा आवाज बंद केलाय. गप बस."

बिदरमधल्या एका हॉलात, भरल्या लोकांत, तो मला असं म्हणाला. वयानं माझ्या पोरासारखा. आमच्या गावच्या पाटलाचा पोरगा. त्यांच्या रानात माझ्या बापानं मेंढरं बसवली, तवापासून त्या घरात आम्हाला अरे-तुरेच. माझे केस पांढरे झाले, तरी 'ए' गेलं न्हाई.

कलावंतांसाठी फुकट कार्यशाळा होती. ऑनलाइन. शिकवणारे सर बंगळूरला, आम्ही इथं, मधी कंप्युटर आणि भिंतीवर पडदा. चित्रं काढणारे होते, नाटकवाले होते, भजनी होते. आम्ही ढोल-झांजेचे धनगर, पाच जण. मी तिसरीतून शाळा सोडलेला. पण शिकायला लाज कशाची? गेलो. पाटलाचा पोरगा इथली व्यवस्था बघत होता. त्यानं अट सांगितली. शेवटपर्यंत बसेल त्याच मंडळाला प्रमाणपत्र, ते असेल तरच पुढं होणाऱ्या महोत्सवात कला दाखवायला मिळणार. एक जरी उठला तरी सगळं मंडळ बाद. मग त्यानं दार लावून घेतलं. गाड्यांचा आवाज आत येतो म्हणाला.

माझी पाळी आली. कॅमेऱ्यापुढं खुर्चीत बसवलं. पडद्यावरचे सर कानडीत म्हणाले, "अज्जा, काय वाजवता ते दाखवा."

मी ढोलाला भंडारा लावला आणि बिरोबाचं सुंबरान मांडलं. सुंबरान म्हणजे गाऊन देवाला घातलेली हाक. एकदा मांडलं की आमच्यात मधी सोडत न्हाईत. देव उठून आलेला असतो. शेवटची ओवी म्हणून त्याला जागेवर बसवायचं, मगच ढोल खाली. म्हणणाऱ्याला भोवळ आली तर दुसऱ्यानं पुढं धरायचं, पण पुरं करायचं.

देव नुकता उठला होता. सर म्हणाले, "साकू, अज्जा, साकू." पुरे, पुरे. कानडी मला लहानपणापासून येते. मी थांबलो न्हाई. तवा त्या पोरानं कंप्युटरवर माझा आवाज तोडायचं बटन दाबलं आणि मला गप बस म्हणाला.

पडद्यावर बघतो तर माझं तोंड हालायलंय, हात ढोलावर पडायलाय, आणि सर दुसऱ्याच कुणाशी हसून बोलायलेत. मागून कोणतरी म्हणालं, "म्हाताऱ्याची ब्याटरी उतरली." हॉल हसला.

माझा मेव्हणा गुंडाप्पा आमचा झांजवाला. कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, थांबवा आता, मागं चला. पाच जणांचं जायलंय."

थांबवलं, मागं येऊन बसलो. ढोल मांडीवर. उठावं तर चौघांचं नुकसान. वाजवावं तर हसं. दार लावलेलं. देव तसाच उभा. सर सांगत होते, कार्यक्रम आटोपशीर ठेवा, लोकांना वेळ नसतो. चांगलंच शिकवत असतील. माझ्या कानात शिरलं न्हाई.

मला बाप दिसत होता. पाटलाच्या घरच्या लग्नात त्याला ओट्याखाली वाजवायला बसवलं होतं. पाहुण्यांना बोलता येईना म्हणून पाटलानं सुंबरान चालू असताना ढोलावर पोतं टाकलं. हसत. बाप पोत्यावर हात ठेवून बसला. मी शेजारी होतो. पोतं मीही काढलं न्हाई.

सांजच्याला निरोपाची वेळ आली. पोरगा म्हणाला, "ए ढोलवाल्या, वाजव आता. सरांच्या बोलण्यामागं म्युझिक पायजे. गाणं नको, नुसता ढोल."

मी उठलो. गुंडाप्पानं धोतर धरलं. सोडवून घेतलं.

"मागं कामून वाजवू? मोडलं तिथून पुरं करणार. ऐकायचं तर ऐका."

"मग सर्टिफिकेट मिळायचं न्हाई."

"ठेव तुझ्यापाशी."

कॅमेऱ्याकडं पाठ केली आणि पुढची ओवी धरली. त्यानं बटन दाबलं असंल. ढोलाला बटन न्हाई. हॉल दणाणला. झांज मात्र आली न्हाई. एकट्यानं शेवटपर्यंत नेलं, देव बसवला, ढोल खांद्याला लावला आणि दार उघडलं.

प्रमाणपत्र पाचही जणांचं गेलं. गुंडाप्पा अजून माझ्या उंबऱ्याला येत न्हाई. त्याचा राग खरा आहे. तरी मी केलं ते चुकलं असं त्याला म्हणणार न्हाई.

आता कोणी वाजवायला बोलावलं तर आधी विचारतो, पुरं ऐकणार का? न्हाई म्हटलं तर ढोल खुंटीवरून काढत न्हाई. 'ए' म्हणून हाक मारली तर ओ देत न्हाई. अर्ध्यात उठवलेला देव मी आता कुणाच्याच दारात उभा ठेवणार न्हाई. पाटलाच्या न्हाई, पडद्याच्या न्हाई.