कॅसेटीतून कापलेला पदर

आमचं घर कळंबला, एका खोलीचं. वडील, म्हणजे आमचे दादा, साखर कारखान्यात मोसमी कामगार. गाळप थांबलं की पावसाळाभर घरी बसून. आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. आम्हा दोघी बहिणींपैकी एकीलाच शिकवणं जमणार होतं, म्हणून ताईनं सातवीनंतर शाळा सोडली आणि आईबरोबर खुरपं धरलं. त्या खुरप्याच्या जिवावर मी बारामतीत बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पदवी मिळाली, नोकरी काही मिळेना. मग बारामतीतच लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी करणाऱ्या दुकानात लागले. टेबलावर दोन व्हीसीआर. एकात लग्नात घेतलेली मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवा तो तुकडा आला की कोरीवर उतरवायचा, नको तिथं थांबवायचं. कात्री नाही, डिंक नाही, तरी मालक त्याला कापाकापीच म्हणायचे.

ताईचं लग्न डाळजच्या मुलाशी झालं. कॅसेट आमच्याच मालकांनी घेतली. मी नवरीची बहीण, घरच्या गडबडीत अडकलेली, त्यामुळं तुकडे जोडलेही त्यांनीच. घोटाळा झाला तो इथं. आमची बौद्ध पद्धतीची लग्नं आटोपशीर. वंदना, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, हार, फुलं, झालं लग्न. होम नाही, सप्तपदी नाही. मालकांचा हात बसलेला लांबलचक लग्नांवर. कॅसेट भरेना, तसे त्यांनी मधेमधे पाहुण्यांचे चेहरे घातले. आईनं हौसेनं मांडलेली आंदणाची भांडी दिसतात, आणि लगेच ताईच्या सासूबाई. डोळे बारीक, नाक मुरडलेलं, ओठ वाकडे.

डाळजला ती कॅसेट सगळ्या आळीनं मिळून पाहिली.

"आत्याबाईंचं त्वांड बघा की!" शेजारीण म्हणाली. "पितळंची परात पायजे हुती व्हय वो आत्याबाई?"

आळी हसली. सासूबाई उठून आत गेल्या.

एप्रिलात जयंती आली. दादा ताईला माहेरी आणायला गेले, तर सासूबाई दारातच उभ्या.

"गरिबाच्या भांड्याला नाक मुरडणारी बाई म्हून मला गावात दावली. ती बी तुमच्याच पोरीच्या दुकानानं. म्या असं केलंच न्हाय. सून येणार न्हाय."

ताई मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. दादा ते पाणी पिऊन एकटेच एसटीनं परतले.

आई सासूबाईंना बोल लावत बसली. मला मात्र त्यांचं 'केलंच न्हाय' खोटं वाटेना. मालकांना विचारलं.

"अगं, जागा भरायला टाकला चेहरा. त्यो तर वंदनेच्या टायमाचा हाय."

"मग भांड्यांच्या पुढं कशाला लावला?"

"तितं मावत हुता."

मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची म्हणून बाजूला काढून ठेवली होती. ती मी लावली. वंदना चालू आहे. कॅमेऱ्याच्या दिव्याचा झोत ताईवर आणि सासूबाईंवर. सासूबाई डोळे बारीक करतात, नाक आक्रसतं. मालकांनी इथंच थांबवलं होतं. मी चालू ठेवलं. आणि बघते तर सासूबाईंनी पदर हातावर ताणला आणि ताईच्या डोळ्यांवर सावली धरली. वंदना संपेपर्यंत तशीच. स्वतःचे डोळे गच्च मिटलेले.

चेहरा तोच होता. भांड्यांच्या शेजारी ठेवला की गर्विष्ठ बाई, पदराच्या शेजारी ठेवला की आई. बी.ए.च्या कुठल्या पुस्तकात मला हे भेटलं नव्हतं.

व्हीसीआरवर एक तुकडा हलवला की पुढचं सगळं नव्यानं उतरवावं लागतं. मी उतरवलं. भांडी नुसती भांडी ठेवली. वंदनेतला पदर अख्खा ठेवला, एवढासाही कापला नाही.

नवी कॅसेट घेऊन डाळजला गेले. दाजींना म्हटलं, "मागच्या वेळी जे बसले होते, त्यांनाच बोलवा."

पदर आला तसं शेजारणीनं तोंडाला हात लावला. "आगं बया! सुनंला सावली धरली हुती व्हय!"

सासूबाई टीव्हीजवळ सरकल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "ए पोरी, मागं घे. परत लाव."

परत लावलं. त्यांनी ते संपेपर्यंत पाहिलं आणि शेजारणीकडं वळल्या.

"आता हास की."

मग मला म्हणाल्या, "तुझ्या बापाला परत हेलपाटा नको. तूच घिऊन जा तिला."

ताई पिशवी भरायला केव्हाच आत पळाली होती.

जयंतीला ताई कळंबला आमच्या घरी होती. आणि पुढच्या मोसमापासून दुकानातली सगळी लग्नं मी जोडली.