फास्ट लेनमधले गाववाले

लहानपणी महाडच्या वेशीवर जकातीचा नाका होता. रस्त्यात आडवा बांबू असायचा. गाडी गेली की शिपाई दोरी ओढायचा आणि बांबू खाली येऊन खुंटावर आदळायचा. ठक्क! बैलगाडीत बसलेला मी त्या आवाजाने दचकून बाबांचं धोतर धरायचो.

म्हातारपणी मीच नाक्यावर नोकरी करीन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. आताचा दांडा वर जातो, खाली येतो, पण त्याला आवाज म्हणून नाही. आवाज सगळा माणसांचा! गाडी क्षणभर थांबते आणि तेवढ्यात माणूस असं काही बोलून जातो की घरी गेल्यावरही ते डोक्यात राहतं. रोजचं थोडं थोडं साचून आता माझ्याकडे ढीग झालाय. थोडा उपसतो.

मी शाळेत फार गेलो नाही. घाटातल्या रस्त्याच्या कामावर आयुष्य गेलं. महाड आणि पोलादपूरच्या मध्ये टोलनाका झाला तेव्हा हातात लाल झेंडा आणि गळ्यात शिट्टी मिळाली. माझं काम एकच. कुठल्या गाडीने कुठल्या लेनमध्ये जायचं ते दाखवायचं. कडेची लोकल लेन आजूबाजूच्या गावांसाठी, ती फुकट. मग साध्या लेन, पैसे देऊन पावती घ्यायच्या. आणि मधोमध नवी फास्ट लेन, फक्त टॅगवाल्यांची. टॅग म्हणजे गाडीच्या काचेवर चिकटवायची पट्टी. वरचं यंत्र ती वाचतं, पैसे आपोआप कापतं आणि दांडा उघडतं. टॅग नसताना फास्ट लेनमध्ये शिरलात तर दुप्पट!

खिडक्यांवर बसायला आमच्याच भागातली मुलं-मुली घेतली होती. फास्ट लेनच्या खिडकीत दासगावच्या बौद्धवाडीतली सुजाता. कितीही मोठी गाडी येवो, समोरचा कितीही ओरडो, तिचा आवाज चढत नाही.

पहिल्याच दिवशी मॅनेजर साहेबांनी आम्हाला उन्हात उभं केलं आणि म्हणाले, "वरच्या साहेबांना बाहेरची माणसं आणायची होती. त्यांचं म्हणणं, गाववाला गाववाल्याला अडवणार नाही, ओळख निघाली की सोडून देणार. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. शिमग्यानंतर मोठे साहेब स्वतः येऊन बघतील. एक जरी फुकट सोडलेला सापडला, तर सगळे घरी."

 सुजाताने ओढणी नीट केली आणि खिडकीत जाऊन बसली.

*

उमरठचे एक काका नवी जीप घेऊन थेट फास्ट लेनमध्ये आले. दांडा काही उघडेना. मागे हॉर्न सुरू.

सुजाता म्हणाली, "काका, टॅग?"

"हाय ना!"

"कुठाय?"

"घरी. देव्हाऱ्यात."

मी पुढे झालो. म्हटलं, "अहो, तो गाडीच्या काचेवर लावायचा असतो."

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच येडा. "पोरगा मुंबईवरनं बोलला, बाबा, त्यात पैसं भरल्यात. आता पैसं असलेली वस्तू काचेला चिकटवून रातभर अंगणात ठेवू? कोण खरवडून नेईल, तुमी देणार का भरून?"

त्या दिवशी दुप्पट भरले. सुजाताने सोडलं नाही, पण टॅग चोराच्या काही कामाचा नसतो हे मात्र त्यांना शांतपणे समजावलं.

पुढच्या आठवड्यात काका परत आले. टॅग काचेवर. त्याच्या कडेने हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. यंत्र टिंग वाजलं आणि दांडा आपला आपण उघडला. काकांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले.

"पावला गो, पावला!"

*

फास्ट लेनचं खरं दुखणं वेगळंच होतं. ती रिकामी असायची! टॅगवाले टेम्पो, जीपगाड्या, सगळे साध्या लेनच्या रांगेत घामाघूम उभे. मी झेंडा हलवून हलवून दमायचो.

"इकडं या, मोकळी हाय!"

एक टेम्पोवाला खिडकीतून मान काढून म्हणाला, "मोकळी हाय म्हणूनच नको. कायतरी भानगड असल्याबिगर एवढी माणसं हिकडं उभी ऱ्हातील काय?"

साहेबांनी बोर्ड लावला. मोठा बोर्ड लावला. लाउडस्पीकरवरून सांगून झालं. लेन रिकामीच.

मी भीतभीत साहेबांना म्हटलं, "साहेब, आपल्या दोन जीपगाड्या अन् पाण्याचा टँकर जरा त्या लेनमध्ये उभा करूया का?"

"फास्ट लेन आपणच अडवायची? डोकं फिरलंय का, मामा?"

पण जेवणाच्या वेळेला त्यांनी करून पाहिलं. टँकर पुढे, जीपगाड्या मागे. जरा वेळाने टँकरमागच्या जीपमागे एक टेम्पो लागला. मग एक कार. मग भराभर रांग. तोच मघाचा टेम्पोवाला आपली रांग मोडून तिकडे घुसताना ओरडला, "अरे, तिकडं चालू झालं वाटतं काय तरी! चला, चला!"

आम्ही टँकर हळूच पुढे काढला. त्या दिवसापासून लेन चालते. साहेब मला अजून विचारतात, "मामा, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हणतो, "साहेब, मी पण रिकाम्या हॉटेलात चहा घेत नाय."

*

मामा म्हणायची सुरुवात नाक्यावरच्या मुलांनी केली. मग ड्रायव्हर लोकांनी उचललं. लोकल लेनमध्ये शिरायचं असलं की जो तो माझा भाचा!

एकदा चकचकीत गाडीतून काळा चष्मा उतरला. "मामा, ओळखलं नाय? मी सव गावचा! गरम पाण्याच्या कुंडाजवळ घर हाय आपलं. सोडा लोकलमधनं."

"लायसन दाखव बघू."

लायसनवर पत्ता डोंबिवलीचा.

"भाच्या," मी म्हटलं, "सवला जाऊन रहा, मग लोकलमधनं जा. आता साध्या लेनला लाग."

तो चिडला. "सख्ख्या भाच्याला अडवता?"

"सख्खा असतास तर कानाला धरून नेला असता!"

रांगेतले सगळे हसले, तोही हसला आणि गेला साध्या लेनला. आता दर गणपतीला येतो. पैसे भरतो, वर मोदकांची पिशवी माझ्या हातात ठेवतो.

*

पोलादपूरच्या वरच्या वाडीचं लग्न महाडला होतं. वऱ्हाडाच्या गाड्या भाड्याच्या, म्हणून एकामागे एक साध्या लेनमध्ये आल्या आणि थांबल्या. पहिल्या खिडकीवरच्या पोराने पैसे मागितले, तर नवऱ्याचे काका म्हणाले, "मागच्या गाडीत आम्हाला न्यायला आलेले मुलीचे मामा हायत, त्यांच्याकडं मागा."

मुलीचे मामा खाली उतरले. "आमच्याकडं का? वऱ्हाड तुमचं!"

"वऱ्हाड आणायचा खर्च मुलीकडं ठरला होता."

"गाड्यांचा ठरला होता. टोलचं कोण बोललं?"

खरंच कुणी बोललं नव्हतं. सुपारी फोडली तेव्हा मानपान ठरलं, जेवण ठरलं, बँडसुद्धा ठरला. पण तेव्हा नाकाच नव्हता! दोन्हीकडची माणसं रस्त्यावर उतरली. नवरा फेटा सावरत गाडीत एकटा. मुहूर्त टळायला आला.

सुजाता आपली खिडकी दुसरीला सांभाळायला सांगून आली. दोन्ही पार्ट्यांकडे बघून म्हणाली, "जाताना नवऱ्याकडच्यांनी भरा. येताना नवरी गाडीत असेल, तेव्हा मुलीकडच्यांनी. ज्याचं माणूस, त्याचा टोल."

 वरच्या वाडीतल्या एका म्हातारीने गाडीतूनच विचारलं, "हिचं लगीन झालंय का गो?"

आता आमच्याकडे सुपारीच्या बैठकीत टोलचं आधी बोलतात. आणि तोडगा सुजाताचाच धरतात!

*

सुजाताचे वडील मात्र नाक्याच्या विरोधात. त्यांचा टेम्पो होता, महाडहून पोलादपूरच्या बाजारात माल न्यायचा. टोलविरोधी मोर्चाचे पुढारी तेच. बोलायला लागले की कर्णा लागत नाही, असा आवाज. गाववाल्यांना लोकल लेनचा फुकट पास मिळाला, तरी त्यांनी घेतला नाही. "पास घेतला म्हणजे टोल मान्य केला!" लांबच्या जुन्या रस्त्याने टेम्पो न्यायचे. लेक खिडकीत बसायला लागली त्या दिवसापासून घरात तिच्याशी बोलणं बंद. ज्या माणसाला रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाशीसुद्धा बोलल्याशिवाय राहवत नाही, तो पोरीशी बोलत नव्हता.

शिमगा झाला आणि मोठे साहेब आले. ते येणार हे आजूबाजूच्या सगळ्या गावांत आधीच पसरलं होतं. सुजाताच्या खिडकीमागेच खुर्ची टाकून बसले.  मॅनेजर साहेब सारखा घाम पुसत होते.

आणि समोरून तिच्या वडिलांचा टेम्पो आला. सरळ फास्ट लेनमध्ये!

मी धावलो. "दादा, हिकडं नको. ती लोकल लेन बघा, मोकळी हाय. तुम्हाला कोण अडवणार?"

ते माझ्याकडे बघेनात. टेम्पो खिडकीशी लावला. दांडा उघडला नाही. मागे रांग लागली. मोठ्या साहेबांनी मॅनेजरच्या कानात विचारलं, "कोण आहे?" मॅनेजर साहेबांना खोटं बोलता आलं नाही. "तिचे वडील."

मोठे साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले.

सुजाताने ओढणी नीट केली. आवाज तसाच. "टॅग नाही. दुप्पट होतील."

नाक्यावर एक हॉर्न वाजला नाही. मला वाटलं, आता कर्णा सुटणार.

त्यांनी खिशातून पैसे काढले आणि खिडकीत ठेवले. तिने पावती दिली. दांडा उघडला. टेम्पो पुढे गेला, कडेला थांबला आणि ते उतरून चालत परत आले. मोठे साहेब बाहेर आले. "काका, हिच्याबद्दल काही तक्रार आहे का? असेल तर मला सांगा. मी त्यासाठीच आलोय."

वडिलांनी पावती हातात धरली होती. एकदा साहेबांकडे बघितलं. मग काचेपलीकडे लेकीकडे बघितलं, बराच वेळ. पावतीची व्यवस्थित घडी घातली, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं.

आणि साहेबांपुढे नुसती नाही म्हणून मान हलवून टेम्पोकडे चालत गेले.