लेकीच्या घरचं पानी

मशीनवाल्या चाचांनी आमच्या सोप्यात बसून पानी घेतलं, त्या दिवशी तितं कोन कोन हुतं ते आदी सांगून टाकते. मागनं कुनी म्हनायला नगं की म्हातारी थापा मारती. मी हुते. माझी सासू हुती, खांबाला टेकून, ऐकू येत न्हाई असं दाखवत सगळं ऐकत. माझं थोरलं दीर हुतं. शेजारची जैनाची आक्का हुती. तिला कुनी बोलावलं न्हवतं, पर ती कायम तशीच यायची. माझी पोरगी आक्काच्या मांडीवर झोपल्याली. चाचा हुतं. आनि माझी शिवनाची मशीन हुती. मशीनला मानसात धरलं न्हाई असं चाचांस्नी कळलं, तर कबरीतनं उठून भांडाय येतील.

महाराजांच्या राज्यात कोल्लापुरात पैलवान हुतं, हत्ती हुतं, शिकारीचं चित्तं हुतं, दरबारात गवई हुतं. पर चाचांसारखा चक्रम दुसरा न्हवता. त्येंचं वाडवडील शिकलगार, तलवारीस्नी धार लावनारं. लढाया सरल्या, तलवारी भितीवर जाऊन बसल्या, दसऱ्याला तेवढ्या पूजेला खाली यायच्या. पूजेच्या तलवारीला धार कोन लावतंय? मग चाचांनी कुना मडमंची बिघडल्याली मशीन उघडली, आनि तिच्यात जी मुंडी घातली ती जल्मभर भाईर काडली न्हाई. गोरा सायेब बदलून गेला की त्येच्या बंगल्यातलं सामान विकाय निघायचं. तितं चाचा सगळ्यात पुढं. जुनी मशीन दिसली की तिच्या भवती फिरून नावं ठेवायचं, "ही मशीन व्हय? ही तर अडकित्ता हाय! खोकतीया बघा कशी. ही फुकट दिली तरी घरात जागा न्हाई." असं बोलून बोलून भाव पाडायचा, मशीन हातगाडीवर घालायची, आनि पयल्या वळनावर गाडी थांबवायची. डोईवरची टोपी काडायची, सोताचं दोनी कान धरायचं, आनि भर रस्त्यात मशीनला म्हनायचं, "माफ कर बेटी. बाजारात बोलावं लागतंय." हातगाडीवाला पयल्यांदा बघून पळून गेलता म्हनं, भूत लागलंय समजून.

रस्त्यानं महाराजांची गाडी चालली की समदा गाव मुजऱ्याला उभा ऱ्हायाचा. चाचा मशीनखाली आडवं. कुनी म्हनालं, "चाचा, उटा की, महाराज हायत!" तर खालनंच आवाज यायचा, "महाराजांस्नी मुजरा करनारं लई हायत. ह्या बिचारीचं चाक धरनारा मी येकटा हाय."

मशीन इकायची म्हटली की चाचांच्या दारात सोयरिकच चालायची. मशीन म्हंजे त्येंची लेक. घेनारा आला की त्येचं घर कसं, भिताडाला ओल हाय का, घरात उंदरं किती, समदं इचारायचं. उचगावचं एक पाटील घोड्यावरनं आलं. म्हनालं, मशीन पायजे, बैठकीत ठिवनार, वर जरीचं कापड घालून. चाचांनी त्येंस्नी चहा पाजला आनि रिकामं लावून दिलं. "पावनं, मी लेक द्यायची ती नांदायला. मखरात बसवायला न्हाई." पाटील चिडलं, घोडं बी चिडलं. चाची आतनं वरडली, "एक तरी मशीन जाऊ द्या घरातनं! पाय पसराय जागा ऱ्हायली न्हाई!"

आनि लेक म्हटल्यावर लेकीची रीत बी आली. आमच्याकडं लेकीला मूल झाल्याबिगर बाप तिच्या सासरी अन्नपानी घेत न्हाई. चाचांनी ती रीत मशीनला लावली. ज्या घरात त्येंची मशीन नांदती, तितं पान्याचा घोट न्हाई. मशीननं पयलं बाळाचं झबलं शिवलं की ते नातवंड, मग पान्याला तोंड लावायचं. चाची म्हनायची, "आपल्यात हाय का ही रीत?" तर चाचा म्हनायचं, "लेक ज्येंच्या घरात दिली, रीत बी त्येंचीच." उन्हाळ्यात तेलाची बाटली घेऊन घरोघर लेकींचा समाचार घ्यायला फिरायचं, जीभ टाळ्याला चिकटल्याली, आनि पानी प्यायला चौकातल्या हौदापातूर चालत जायाचं.

माझा नवरा पलेगात गेला. समदा गाव माळावर झोपड्या घालून ऱ्हायला गेलता. जाताना गाडी त्येनं हाकली, येताना दिरानं. त्यावर जास्त बोलन्यासारखं काय न्हाई. थोरलं दीर भावजयीसंगं सरळ बोलत न्हाईत, म्हनून त्येंनी खांबाकडं बघून सांगितलं, "आई, तिला सांग, सोताचं नि पोरीचं पोट भागवलं तर हितं ऱ्हावं. न्हायतर भावाकडं जावं." सासूनं ते मला परत सांगितलं, जशी काय मी नदीपल्याड उभी हाय. भावाकडं जायाचं म्हंजे भावजयीच्या दारात शेन काडायचं, आनि पोरगी चालाय लागली की तिचं लगीन लावून मोकळं व्हायचं. मला ते नगं हुतं. हातातल्या पाटल्या काडल्या. त्या आता घालायच्या बी न्हवत्या. आनि चाचांच्या दारात गेले.

चाचांनी घर इचारलं न्हाई. म्हनालं, "पाय दाखव." मी दाखवला.

"भेगा हायत की गं."

"व्हय."

"दुखत्यात?"

"दुखून काय करत्यात?"

चाचा हासलं. चाचीला म्हनालं, "हा पाय थांबायचा न्हाई. पोरगी द्यायची."

मशीन घरात आली त्या दिवशी माझी सासू जोतिबास्नं आलती, पदरात गुलाल बांधून. नवी सून दारात आल्यासारखं तिनं मशीनला कुकू लावलं, मग सगळ्या भोकात गोडं तेल सोडलं, आनि वरनं "चांगभलं!" म्हनून मूठभर गुलाल उधळला. तेलात गुलाल कालवला की काय हुतंय ते मला त्या दिवशी कळलं. मी पयला शिवला तो दिराचा पांढरा सदरा. पाठीवर मानेपास्नं कमरंपातूर लालभडक रेघ उमटली. दिरास्नी पाठीमागचं दिसतंय व्हय? तसंच बाजारात गेलं. तालमीतली पोरं इचाराय लागली, "दादा, कुस्ती कुनाला मारलीसा?" दुसऱ्या दिवशी मशीन अडकून बसली ती बसलीच.

त्यातच चाचा समाचाराला आलं. मशीन बघितली आनि मटकन खाली बसलं. "सासुरवास! हळद निघायच्या आदी सासुरवास!"

सासूला तवा लख्ख ऐकू आलं. "अवो, देवाचा गुलाल घातलाय, राख न्हाई घातली!"

"देवाला म्हनावं मग ये, नि सुई चालीव!" चाचांनी मशीनचं डोस्कं सोडवून खांद्यावर घेतलं. "पोरगी माहेराला चालली. नांदवायची अक्कल आली की न्यायला या."

दिरांनी खांबाकडं बघितलं. खांबाला काय सांगनार हुतं ते मला ठावं हुतं.

मी रडले न्हाई. सासूनंच खन, नारळ, तांदूळ घेतलं आनि माझ्या म्होरं चालाय लागली. चाचांच्या घरात मशीन वाकळंवर उघडून ठेवल्याली, आनि चाचा राकेलात चिंधी बुडवून तिचा एकेक दात पुसत हुतं. सासूनं मशीनच्या म्होरं ओटी ठेवली आनि मशीनलाच म्हनाली, "चल बाई. म्हाताऱ्या सासूचं चुकलं." माझ्या सासूनं मला कवा असं म्हटलं न्हवतं, ती गोष्ट येगळी. चाचांनी डोळं पुसलं, तोंडाला राकेल लागलं. चाची म्हनाली, "पाठवा वो तिला, न्हायतर हिला बी मलाच वाढाय लागंल." मशीन घरी आली. गुलालाचं चार कन मातुर कुठं तरी कोपऱ्यात ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.

मशीन चालली, पर काम यीना. माझं पांढरं कपाळ. नवरीची चोळी, बाळाचं झबलं असलं शुभाचं कापड रांडव बाईच्या हातात कोन देतंय? आक्काची सून गरवार हुती. आक्का म्हनाली, "तसं काय न्हाई गं, पर पयलटकरीन हाय, उगंच कशाला?" मग मला काय यायचं? पोती. गोधडीचं काठ. आनि पैलवानांचं लंगोट. समद्या तालमीची अब्रू माझ्या टाक्यावर हुती, तरी पोट भरंना, कारन चांगला शिवल्याला लंगोट लवकर फाटत न्हाई. लंगोट शिवून घर चालत न्हाई हे दिरास्नी बी दिसत हुतं. त्येंचं खांबाकडं बघनं वाडलं.

चाचा यायचं. मशीनला तेल घालायचं, मग मडक्याकडं बघून इचारायचं, "झालं का नातवंड?"

"न्हाई चाचा."

"लंगोटच?"

"लंगोटच."

"अल्ला," म्हनायचं, आनि हौदाची वाट धरायचं. दुसऱ्या समद्या लेकींच्या घरी त्येंचं तोंड ओलं झालं हुतं. माझ्याच दारात तेवढं कोरडं ऱ्हायलं.

चाचांच्या सोताच्या लेकीची पोरं जगत न्हवती. झाली तशी गेली. आता परत पोरगी झालती, आनि चाची रातध्याड तिच्यावरनं मीठमिरच्या ओवाळत हुती. अशात चाचा आमच्या सोप्यात आलं आनि माझ्या म्होरं मऊ पांढरं कापड ठेवलं. "नातीचं झबलं. शीव."

आक्काच्या मांडीवरची माझी पोरगी दचकली, अशी आक्का वरडली. "चाचा, अवो जरा इचार करा! हिच्या हातचं? तुमच्या लेकीला आदीच..." पुढचं तिनं गिळलं.

"हिच्या हातचं कुठं?" चाचा म्हनालं. "माझी मशीन शिवनार. ती सुवाशीन हाय. हिच्या सासूला इचारा, गुलालानं मळवट भरलाय तिचा."

मी कापड सुईखाली घातलं. पाय थांबला न्हाई. झबलं झालं. चाचांनी ते उजेडात धरलं. काखंच्या शिवनीत गुलालाचा एक ठिपका उमटला हुता, तिळाएवढा. मी झबलं परत घ्याय हात म्होरं केला. चाचांनी त्यावर अंगठा फिरवला, घडी करून छातीशी ठेवली, आनि म्हनालं, "पोरी, पानी दे."

सासू उटली. पावन्यांचा पितळंचा तांब्या तिनं सोता भरून दिला. चाचांनी गटागटा तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं, आनि वाकडं केलं. "खारट हाय की गं तुमच्या आडाचं पानी! ह्येच्यापायी मी उन्हातानाचा हौदावर जात हुतो व्हय?" आनि परत तांब्या म्होरं केला.

नात जगली. तिच्या बारशाला चाचीनं झबलं गल्लीभर दाखवत फिरवलं. मग आक्का कापड घेऊन आली, खाली मान घालून, पर बोलायची थांबली न्हाई. दिरांनी खांबाला सांगितलं, "आई, तिला सांग, मला बी एक सदरा पायजे. पांढरा. रेघ नगं."

मानमोडीच्या साथीत चाचा गेलं. मशीन अजून माझ्यापाशी हाय. उन्हाळ्यात दुपारचं कुनी दारात खाकरलं की माझा हात पयला तांब्याकडं जातो.

वाचनाऱ्यास्नी माझं एवढंच सांगनं हाय. घरात जुनी मशीन असंल तर मोडीत घालू नगा, मशीनचंच तेल सोडा, गोडं नगं. आनि तुमच्या गल्लीत माझ्यासारखी कुनी शिवत बसली असंल, तर घरातल्या बाळाचं पयलं झबलं तिच्याकडं टाका.